गुडघ्याच्या गोळ्या आणि चकटफू सिनेमा

आमच्या मराठी मंडळाने व्यसनविरोधी सिनेमा दाखवला, त्या शनिवारी दुपारी हॉलमध्ये ऐंशीएक माणसं होती. माझ्या माहितीप्रमाणे त्यातला एकच जण व्यसनी होता, आणि प्रोजेक्टर त्याच्याच ताब्यात होता. शर्टाच्या खिशात, पेनाच्या मागे, त्याने दोन गोळ्या टिश्यूत गुंडाळून ठेवल्या होत्या. तो व्यसनी म्हणजे मी.

लगेच डोळ्यांसमोर भलतंसलतं काही आणू नका. मी मूळचा नागपूरचा, पन्नाशीचा, अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हाय गावात राहून गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनियर. दारू बेताची. सिगरेट कॉलेजात एकदा ओढली, तेव्हा इतका ठसका लागला की मित्रांनीच ती काढून घेतली. माझं व्यसन मात्र अगदी सोज्वळ होतं, डॉक्टरच्या सहीने घरात आलेलं. फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना पाठ गेली, मार्चमध्ये मणक्याचं ऑपरेशन झालं आणि दुखण्यावर पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्या घेतल्या की पाठ दुखायची थांबायचीच, पण बरोबर ऑफिसातला मॅनेजर, ग्रीन कार्डची रांग आणि धाकट्या भावाशी धरलेला सात वर्षांचा अबोला, हे सगळंच दुखायचं थांबायचं. एप्रिलपर्यंत पाठ बरी झाली. बाकीचं दुखणं तसंच होतं, म्हणून मी गोळ्या चालू ठेवल्या.

डॉक्टरने एप्रिलमध्येच हात वर केले होते. मग गोळ्या कुठून आणायच्या? इथे आपल्या लोकांचा एक थोर गुण कामी आला. मराठी माणूस अमेरिकेत येऊन घर बदलेल, गाडी बदलेल, नावाचं स्पेलिंगसुद्धा बदलेल, पण उरलेलं औषध फेकणार नाही. प्रत्येक घरात श्रीखंडाचा एक रिकामा डबा असतो आणि त्यात पुण्याहून आणलेला बाम, अर्धी संपलेली अँटिबायोटिकची पाकिटं आणि कुणाच्या तरी अक्कलदाढेनंतर उरलेल्या गोळ्या गुण्यागोविंदाने नांदतात. ‘असू दे, लागतील कुणाला तरी’ असं म्हणून ते झाकण लावलं जातं. मी तो कुणीतरी झालो. कुठल्याही जेवणाच्या पंगतीत मी कमरेवर हात ठेवून नुसतं ‘आई गं’ म्हणायचो आणि चार डबे उघडायचे.

माझ्या मुख्य पुरवठादार म्हणजे तीन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एक काकू. वय सत्तर, डिंकाचे लाडू अप्रतिम. त्यांचे दोन्ही गुडघे बदलून झाले होते, पण ‘त्या गोळ्यांनी मेलं पोट साफ होत नाही’ म्हणून त्यांनी त्या जवळजवळ घेतल्याच नव्हत्या. त्यांचा एकेक गुडघा मला दोन दोन महिने पुरला. लाडवांच्या डब्याखाली झिपची पिशवी ठेवून त्या म्हणायच्या, ‘अरे, घे बिनधास्त. टाकून द्यायच्या म्हणजे जिवावर येतं.’ मी त्यांच्या पाया पडायचो. इतक्या मनापासून मी देवाच्याही पाया पडलेलो नाही.

जुलैमध्ये सासूबाई आजारी पडल्या आणि बायको नागपूरला गेली. घरात मी आणि सोळाव्यात पाऊल टाकणारी माझी लेक, दोघंच उरलो. मला धास्ती होती ती एकाच गोष्टीची, हिला कळलं तर? नोकरी गेली असती तर दुसरी बघितली असती. मंडळाने दोन दिवाळ्या कुजबुज केली असती आणि मग कुणाच्या तरी घटस्फोटाकडे वळलं असतं. पण ही लहान असताना वर्गात उभी राहून म्हणाली होती, ‘माय डॅड स्टॉप्स कार्स.’ तिच्या नजरेतून उतरलो असतो, तर मला परत कुठे चढताच आलं नसतं.

ऑगस्टमध्ये एक किरकोळ प्रकार झाला. काकूंकडून लाडू घेऊन येताना मी शेजाऱ्यांची रस्त्याकडेची, खांबावरची पत्रपेटी गाडीखाली घेतली. लेक शेजारी बसली होती. ‘खार आडवी आली,’ मी म्हणालो. तिने मागे वळून आडव्या पडलेल्या पेटीकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी मी नवी पेटी बसवून दिली, शेजाऱ्यांनी आभार मानले आणि माझ्या दृष्टीने विषय संपला.

त्यानंतर लेकीला ड्रायव्हिंगचं वेडच लागलं. इथे मुलांना लायसन्सआधी मोठ्या माणसाला शेजारी बसवून पन्नास तास गाडी चालवावी लागते आणि प्रत्येक फेरी एका तक्त्यात लिहून त्यावर पालकांची सही घ्यावी लागते. मग दूध आणायला ती, देवळात ती, माझ्या फिजिओथेरपीला ती. ऑपरेशननंतर मी घरूनच काम करत होतो, त्यामुळे स्टिअरिंगला माझा हात लागेनासाच झाला. ती तक्ता पुढे करायची आणि मी न वाचता सही ठोकायचो. सोळावं उलटलं, मैत्रिणी एकेक करून लायसन्स घेऊन गावभर हुंदडायला लागल्या, तरी ही म्हणायची, ‘नॉट रेडी येट.’ मी चारचौघांत तिची टिंगल करायचो. ‘एवढी घोडी झाली, पण बापाला शेजारी घेतल्याशिवाय गाडी हलत नाही हिची.’ ती हसायची आणि बेल्ट लावायची.

आता सिनेमाकडे वळतो. डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या इंडियन ग्रोसरीच्या बाजूला गांजाचं दुकान उघडलं. मिशिगनमध्ये ते कायदेशीर आहे, हायवेवर साड्यांच्या सेलसारख्या त्याच्या पाट्या लागतात. पण कढीपत्ता घ्यायला जावं आणि शेजारच्या दारातून तो वास यावा, हे मंडळाच्या अध्यक्षांना सोसेना. हे अध्यक्ष सांगलीचे, सत्कार आणि आभारप्रदर्शन हे त्यांचे दोन हळवे कोपरे. त्यांनी कमिटीची मीटिंग बोलावली आणि मुलांसाठी काहीतरी ठोस करायचं ठरलं. डॉक्टरचं भाषण ठेवू, अशी सूचना आली. मुलं झोपतील म्हणून ती बारगळली. ‘सिनेमा दाखवू,’ अध्यक्ष म्हणाले आणि सगळे माझ्याकडे वळले. गणपतीत प्रोजेक्टर मी लावतो, एवढीच माझी चित्रपटविषयक पात्रता.

मी इंटरनेटवर शोधलं. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा, हक्कांची मुदत संपलेला, म्हणून चकटफू असा एक काळापांढरा सिनेमा मिळाला. वर्णनात ‘पालकांना कळकळीचा इशारा’ असं काहीतरी होतं. कमिटीत ते वाचून दाखवलं. फुकट ते पौष्टिक, या तत्त्वावर ठराव एकमताने पास झाला. आधी बघून घेतलास ना, असं अध्यक्षांनी विचारलं आणि मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं बघितली होती. एक मास्तर टेबलावर मुठी आपटत पालकांना उपदेश करत होता. तोवर गोळीने हात दाखवला आणि मी सोफ्यावर आडवा झालो.

सहाव्या मिनिटापासून त्या सिनेमाचा खरा धंदा सुरू होत होता, हे मला ऐंशी माणसांसमोर कळलं.

मास्तर गेला आणि तलवारकट मिशीचा एक माणूस आला. तो खलनायक आहे हे कळावं म्हणून त्याला हॅट घरातसुद्धा काढू दिली नव्हती. त्याने तेल लावून भांग पाडलेल्या एका सज्जन पोराला गांजाची विडी दिली. एक झुरका, फक्त एक, आणि ते पोर कोटाच्या खुंटाळ्याशी कुस्ती खेळायला लागलं. त्याच्या मैत्रिणीने दुसरा झुरका घेतला, खिदळली, टेबलावर चढली आणि तिथे तिला फारच उकडायला लागलं. कॅमेऱ्याला बाकीच्या घरात रस नव्हता, तो तिच्या मोज्यांवरच खिळला होता. दहा मिनिटांत दोन खून, एक आग आणि धक्क्याने गेलेली एक आजी. मध्येच एक पाटी आली. अशा मुलीच्या आईची काय अवस्था होत असेल, विचार करा, असं ती सांगत होती. लगेच पुन्हा मोजे.

पुढे सवड मिळाली तेव्हा मी या सिनेमांबद्दल वाचलं. त्या काळी मोठ्या स्टुडिओंना असलं काही दाखवायची बंदी होती. मग फुटकळ निर्माते ‘समाजप्रबोधन’ असा शिक्का मारून गावोगाव रिळं घेऊन फिरायचे, मध्यंतरात माहितीपुस्तिका विकायचे आणि एका गावात धंदा बसला की नाव बदलून तोच सिनेमा पुढच्या गावात लावायचे. वरून कीर्तन, आतून तमाशा. आपल्याकडच्या लोकांना हे नवीन नाही. गंमत एवढीच की नव्वद वर्षांनी त्या फिरत्या धंद्याचा शेवटचा खेळ नोव्हायच्या मराठी मंडळाने लावला, तोही साबुदाणा वड्यासकट.

पुढे सतरंजीवर बसलेली पोरं आधी गप्प होती. खुंटाळ्याच्या कुस्तीला पहिली शिट्टी आली. आजी गेली तेव्हा टाळ्या पडल्या. मागच्या खुर्च्यांवरचे पालक मात्र दोन तटांत विभागले होते. अर्ध्यांनी पोरांचे डोळे झाकायचे की आपले, हे ठरवता येत नव्हतं. उरलेल्यांना सगळं खरं वाटत होतं. गुडघ्यावाल्या काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, ‘अगंबाई, एका झुरक्यात! मेला काय विषारी प्रकार असेल!’ अध्यक्ष माझ्याजवळ येऊन दातओठ खात पुटपुटले, ‘अरे, हे काय लावलंयस यार? बंद कर.’

‘शेवट चांगला आहे,’ मी म्हणालो. शेवट मी बघितलेला नव्हता.

तेवढ्यात माझी गोळ्यांची वेळ झाली. प्रोजेक्टरमागच्या अंधारात मी टिश्यू सोडला आणि दोन्ही गोळ्या चहाबरोबर गिळल्या. पडद्यावर तेव्हा व्यसनी ओळखायच्या खुणा सांगत होते. अनावर हसणं, डोळे गरागरा फिरवणं, फर्निचरची मोडतोड. मी माझी परीक्षा घेतली. हसू नाही, डोळे जागेवर, फर्निचर शाबूत. मी अगदी पहिल्या वर्गात पास झालो.

दिवे लागले. पोरं लोळून हसत होती. अध्यक्षांनी माईक हातात घेऊन प्रसंग सावरायचा प्रयत्न केला आणि कुणाला काही प्रश्न आहेत का, असं विचारलं. एका मुलाने विचारलं, हसणं ही खूण असेल तर आत्ता सगळा हॉलच गांजा पिऊन बसलाय का? परत हशा. मग माझी लेक उभी राहिली.

‘सो, द मूव्ही टेल्स पेरेंट्स टू वॉच देअर किड्स,’ ती म्हणाली. ‘व्हॉट इफ इट्स द पेरेंट? व्हॉट इज द किड सपोज्ड टू डू?’

मग मागून एक काका ओरडले, ‘बाटली लपवायची, बेटा!’ आणि सगळा हॉल खदखदून हसला. मीही हसलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या मनात तेव्हा काहीच उजाडलं नाही, कारण गोळ्या चढायला लागल्या होत्या. अध्यक्ष ‘व्हेरी गुड क्वेश्चन’ म्हणाले आणि पुढे गेले. ती खाली बसली.

पुढे म्हणजे अर्थातच सत्कार. कार्यक्रमाचे तीन तेरा वाजले तरी सत्काराला आमच्याकडे सुट्टी नसते. ‘व्यसनमुक्तीच्या कार्यात मोलाचं सहकार्य’ अशा शब्दांत अध्यक्षांनी माझा उद्धार केला, खांद्यावर शाल टाकली आणि हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, एवढी ओळ त्या शालीवर विणून घ्यायला हवी होती. फोटोसाठी लेकीलाही बोलावलं. मी तिच्या खांद्यावर हात टाकला. तिचा खांदा लाकडासारखा कडक होता.

निघताना काकू काठी टेकत आल्या. लाडवांचा डबा माझ्या हातात देऊन, वर झिपची पिशवी ठेवून, लेकीच्या देखत प्रेमाने म्हणाल्या, ‘बाबांची पाठ अजून धरते ना गं? या दुसऱ्या गुडघ्याच्या राहिल्या होत्या, शेवटच्या. सिनेमातला तो मेला मिशीवाला! असल्या लोकांना फासावर द्यायला पाहिजे.’

‘हो ना,’ मी म्हणालो.

गाडीत लेक नेहमीप्रमाणे स्टिअरिंगवर बसली. मी शेजारी, अंगावर शाल, मांडीवर नारळ, लाडू आणि पिशवी. तिने बेल्ट लावला, पण गाडी सुरू केली नाही. पार्किंग लॉट रिकामा व्हायला लागला होता. समोरच्या काचेकडे बघत ती म्हणाली, ‘देअर वॉज नो स्क्विरल, बाबा.’

मी म्हणालो, ‘अगं, होती. तू बघितली नसशील.’

तिने समोरचा कप्पा उघडला, तक्ता काढला आणि माझ्या मांडीवरच्या नारळावर ठेवला. पहिल्यांदाच मी तो वाचला. पन्नास तास सप्टेंबरच्या अखेरीलाच पुरे झाले होते. त्याखाली तिने हाताने आणखी रेघा आखल्या होत्या, मग आणखी पानं जोडली होती. दूध. देऊळ. फिजिओ. दूध. काकूंचं घर. काकूंचं घर. काकूंचं घर. प्रत्येक ओळीपुढे माझी सही होती. शेवटचा आकडा एकशे सदतीस होता.

‘अगं, मग टेस्ट का नाही दिलीस? सगळ्या मैत्रिणी...’

‘टेस्ट दिली असती,’ ती मराठीत म्हणाली, एरवी ती मराठी बोलते ते फक्त आजीशी फोनवर, ‘तर तू एकटा गाडी चालवली असतीस ना.’

लाज वाटली, इतकी की शाल काढून मागे फेकली. या देशातल्या सोळा वर्षांच्या मुलीला लायसन्स म्हणजे काय असतं, ते मला माहीत होतं. तिने ते तीन महिने खिशात येऊ दिलं नव्हतं आणि मी तिला चारचौघांत घोडी म्हणत होतो. ब्रेक बनवतो म्हणून मिरवणारा मी, आणि या घरात ब्रेकवर पाय ठेवून बसली होती ती.

मी झिपची पिशवी तिच्या हातात दिली. मग तिथेच, इंजिन बंद असलेल्या गाडीत, नागपूरला फोन लावला. तिकडे पहाट होती. बायकोने ‘काय झालं?’ असं घाबरून विचारलं आणि मी पहिल्यांदा पाठीशिवाय दुसरं काहीतरी दुखतंय म्हणून सांगितलं. लेक शेजारी बसून ऐकत होती. सगळं सांगून होईपर्यंत तिने गाडी सुरू केली नाही.

नंतरचं काही सिनेमात घालण्यासारखं नाही. खुंटाळ्याशी कुस्ती झाली नाही, आगही लागली नाही. बायको लगेचच्या विमानाने आली आणि आठवडाभर माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलली. डॉक्टरने गोळ्या एकदम न तोडता हळूहळू उतरवल्या. आठवड्यातून एकदा मी एका चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्यांवर बसून व्यसन सोडू पाहणाऱ्या लोकांत जायला लागलो. तिथे छताचं काम करणारा एकजण होता, निवृत्त शिक्षिका होती, दातांची डॉक्टर होती. हॅटवाला कुणी नव्हता. काकूंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या रडल्या, मला ‘मूर्खा’ म्हणाल्या, स्वतःला त्याहून वाईट काहीतरी म्हणाल्या, आणि मग त्यांनी श्रीखंडाचा डबा घेऊन मला फार्मसीत नेलं. तिथे उरलेली औषधं टाकायची पेटी असते. आतलं सगळं त्यांनी टाकलं. डबा मात्र धुऊन घ्यायला परत आणला.

पुढच्या मार्चमध्ये लेकीने टेस्ट दिली. मी आणि परीक्षक गाडीबाहेर उभे राहून आधी कागद तपासत होतो. एकशे सदतीस तास बघून तो म्हणाला, एवढी प्रॅक्टिस केलेलं पोर मी पहिल्यांदाच बघतोय. मी म्हणालो, तिचा विद्यार्थी जरा ढ होता. त्याला ते कळलं नाही. ती पहिल्या फटक्यात पास झाली.

कागद हातात घेऊन ती माझ्याकडे आली. मला वाटलं, आता ही मला इथेच सोडून मैत्रिणींकडे सुसाट जाणार, आणि तिचा तो हक्कच होता. तिने किल्ली माझ्याकडे फेकली आणि पलीकडचं दार उघडून शेजारच्या सीटवर बसली.

‘यू ड्राइव्ह,’ ती म्हणाली.

मी आरसे तपासले, दोनदा. बेल्ट लावला. इतक्या हळू निघालो की मागच्याने हॉर्न मारला. दुसरा सिग्नल येईपर्यंत ती तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.